पावसला बहिणीसाठी डेस्कटॉप जुळवायचाय, बजेट ४५ हजार

पावसचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. मी नोकरीला मुंबईत, घर पावसला. धाकटी बहीण रत्नागिरीत सिव्हिल डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षात. रोज एसटीने जाऊन-येऊन करते. आतापर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये ऑटोकॅड चालवून निभावलं, पण तास संपला की ड्रॉइंग अर्धवट टाकायचं आणि धावत स्टँड गाठायचा, असं किती दिवस चालणार. म्हणून घरी डेस्कटॉप घ्यायचं ठरलंय.

लॅपटॉप का नाही, हे कुणीतरी विचारणारच. तिला तो कुठे न्यायचाच नाही. शिवाय आई त्याच्यावर बागेचा हिशेब ठेवायचं म्हणतेय (पेट्या, फवारणी, गड्यांची मजुरी, सध्या सगळं कॅलेंडरच्या पाठीवर असतं), आणि मोठा स्क्रीन दोघींनाही हवाय.

बजेट ४५,०००, सगळं धरून. एका दुकानातून हे कोटेशन आलंय:

आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॅबिनेट लाइटवाल्या पंख्यांसह, कीबोर्ड-माउस. २४,५०० रुपये. मॉनिटर वेगळा.

दुकानदार म्हणतो, आय७ आहे, पाच वर्षं बघायला नको. एवढ्या स्वस्तात आय७ कसा बसतो, तेच मला कळेना. ऑफिसातला मित्र म्हणतो याच्या नादी लागू नको, एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घे आणि सुटे पार्ट आणून जुळव. मला हार्डवेअरमधलं रॅम बसवण्यापलीकडे काही येत नाही.

घरची परिस्थिती अशी की समुद्र फार लांब नाही, रात्री गाज ऐकू येते. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा पंख्याची पाती मोजता येतात. वीज जाण्याबद्दल काय सांगू, कोकणातलेच आहात सगळे. इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर दिवे-पंखे चालतात. एक जुना १८.५ इंची मॉनिटर पडून आहे, तो चालेल का?

आणि सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घेऊन रात्रीच्या कोकणकन्येने न्यावं की रत्नागिरीतच घ्यावं?

बाजारपेठ_चिपळूण

त्या आय७ च्या पुढचा नंबर काय आहे? दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. फोनवर सांगू नका म्हणावं, लेखी द्या.

दुसरं, नवीनच पाहिजे असा हट्ट नसेल तर ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर बघा. आठव्या पिढीचा आय५ असलेला घ्या, त्याच्यावर विंडोज ११ रीतसर चालतं आणि बहुतेकांना विंडोजचं लायसन आलेलं असतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचा दुकानातला डेस्कटॉप वाशिष्ठीने नेला, म्हणजे नेला नाही, चिखल भरून तिथेच ठेवला. त्यानंतर असा जुना आणला. आता तो माळ्यावर असतो आणि बिलाचं काम बिनतक्रार करतो. वाचलेल्या पैशांत मोठा मॉनिटर येईल.

सोल्डरकाका

रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. दुकान आता मुलगा बघतो, पण सोल्डरिंगला अजून मीच बसतो.

आधी ते कोटेशन. आय७ हे नाव २००८ पासून चालत आलंय, त्यामुळे नुसतं आय७ म्हणण्याला अर्थ नाही. चिपळूणवाल्यांनी बरोबर बोट ठेवलं, पुढचा नंबर बघायचा. ग्राफिक्स कार्डासकट या पैशांत बसणारा आय७ म्हणजे बहुतेक २६०० नाहीतर ३७७०. साल २०११-१२. जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर, त्याच्याखाली एच६१ चा बिननावाचा नवा मदरबोर्ड आणि वरून दिवाळी केलेलं कॅबिनेट. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं, त्यात हा बसत नाही. आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. २ जीबी ग्राफिक्स कार्ड म्हणतो ते जीटी ७३० असणार, २०१४ सालचं. तुझ्या मित्राने सांगितलेल्या ५६००जीच्या पोटात जे व्हेगा ग्राफिक्स आहे ते त्याच्यापेक्षा जोरात पळतं आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दुकानदाराने खोटं काही सांगितलेलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. आय७ आहेच तो.

आणि त्या यादीत एक वस्तू नाहीच, बघितलीस का? एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येतो, म्हणून कोणी लिहीत नाही. उचलून बघ, हातात वजन लागत नाही.

आता माझं म्हणणं ऐक. आपल्याकडे पीसी प्रोसेसर कमी पडला म्हणून मरत नाही. माझ्या टेबलावर येतात ते एसएमपीएस जळलेले, बोर्डाला खारी हवा लागलेले, नाहीतर वीज कडाडून गेलेले. तेव्हा ४५ हजारांतले पहिले पाच-सहा हजार भिंतीतल्या प्लगपासून बोर्डापर्यंतच्या वाटेवर घाल आणि उरलेल्यात प्रोसेसर बसव. मुंबईच्या मित्राची यादी मुंबईच्या विजेसाठी असते.

एसएमपीएस चांगल्या नावाचा, ८० प्लस ब्रॉन्झ, ४५० वॅटचा. याहून मोठा नको. या पीसीला ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटरसकट जोर लावला तरी दीडशे वॅटच्या आत खातो. खोक्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं बघून घे. काही स्वस्त एसएमपीएसवर २०० ते २४० लिहिलेलं असतं, तो तुमच्या संध्याकाळच्या व्होल्टेजला पटकन मान टाकतो आणि पीसी आपोआप रिस्टार्ट होत राहतो. गिऱ्हाईक मग विंडोज टाकायला घेऊन येतं.

यूपीएस ६०० व्हीएचा, लाइन इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त झालं तर बॅटरीवर न जाता सावरून घेणारा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०, तेवढे पुरतात. दहा-पंधरा मिनिटं मिळतील. फाइल सेव्ह करायची आणि शांतपणे बंद करायचा, तेवढंच त्याचं काम, त्याच्यावर सिनेमा बघायचा नाही. घेताना एकच विचार, किती कमी व्होल्टेजपर्यंत हा बॅटरीवर न जाता सांभाळतो? १४० च्या आसपास लिहिलेला असेल तो घे. नाहीतर रोज संध्याकाळी तो बॅटरीवर जाणार आणि वर्षभरात बॅटरीचा भुगा होणार.

इन्व्हर्टर आहे म्हणतोस, त्याच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. पंख्या-दिव्यांसाठी बहुतेक घरांत ते नॉर्मलवर असतं आणि त्यात वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पीसी बंद पडतो. यूपीएसवर टाकलं की ती फट इतकी लहान होते की पीसीला कळत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी धड असेल आणि पीसीच्या प्लगपर्यंत त्याची लाइन ओढता येत असेल, तर हे आधी करून बघ. पण व्होल्टेज सांभाळायचं काम सगळे इन्व्हर्टर करत नाहीत, म्हणून यूपीएस मी सोडायला सांगणार नाही.

आता अर्थिंग. हे कोणाला नको असतं, कारण दिसत नाही आणि फोटोत येत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असं समज. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांची गळती जायला वाट मागते. अर्थ नसेल तर ती पत्र्यावर येऊन बसते. माणूस मरत नाही त्याने, पण यूएसबी पोर्ट आणि साउंडची चिप हळूहळू जाते. स्पाइक गार्डही अर्थिंगशिवाय जवळजवळ निकामी, कारण जास्तीची वीज ढकलायला त्याला जागाच नाही.

आपल्याकडे गंमत अशी की घराखाली जांभा. पावसाळ्यात अर्थिंग छान असतं, आणि फेब्रुवारी-मार्चला जांभा कोरडा पडला की पाइप नुसता दगडात उभा. बांधकाम झालं त्या साली वायरमनने खड्डा केलेला असतो, त्यानंतर कोणी त्यात पाणी घातलेलं नसतं. वायरमन बोलाव, मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नसली तर आकडा फसवा येतो, म्हणून फेज ते अर्थही मोजायचं, ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे. कमी आलं तर खड्ड्यात मीठ-कोळसा भरून नवा पाइप. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. आंब्याच्या कलमांना घालताच की. आणि हो, मिठाने जीआय पाइप सडतो, चार-पाच वर्षांनी बघायला लागतो.

विजांचं म्हणशील तर जुलैच्या धो-धो पावसाला घाबरू नको, त्यात गडगडाट कमीच. मेअखेरीचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा, हे दोन खरे. ढग काळे झाले की प्लग भिंतीतून उपसायचा. बटण बंद करून भागत नाही. आणि राउटरचीही पिन काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण राउटरचा अॅडॉप्टर भिंतीतच असतो आणि तिथून लॅनच्या तारेने थेट बोर्डात येते. लॅनची चिप फुटलेले बोर्ड दरवर्षी ऑक्टोबरात येतात.

हवा. पीसी खिडकीखाली ठेवायचा नाही, जमिनीवरही नाही, टेबलावर भिंतीपासून वीतभर पुढे. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवायचा, स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. सुट्टीत महिनाभर बंद ठेवून वर प्लॅस्टिकचं कव्हर घालतात, त्याच्यासारखं वाईट नाही, आत घाम धरतो. गणपतीत आलास की रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरव, पुसून परत बसव. चालू होत नाही म्हणून आलेल्या पीसींपैकी बरेच मी एवढ्यावर चालू करून देतो आणि पैसे मागताना लाजतो. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या फटींना पट्ट्या लावलेल्या आहेत ना बघ. तिथून पाल आत जाते, उबेला बसते आणि एक दिवस पंख्यात.

पार्टांबद्दल फार लिहीत नाही, तिथे दोन्ही वाटा बऱ्या. रायझन ५ ५६००जी, सहा कोर, सोबत ए५२० किंवा बी५५० बोर्ड. नाहीतर इंटेलचा आय३-१२१००, चार कोर, एच६१० बोर्ड. दुसऱ्यात नंबरामागे एफ नको, एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, स्क्रीनवर काहीच येणार नाही. नुसतं ऑटोकॅड असेल तर आय३ पुरतो आणि थोडे पैसे वाचतात. थ्रीडी करणार असेल तर ५६००जी. ५६००जी घेतलास तर ८-८ जीबीच्या दोन रॅम लावायच्या, १६ ची एक नाही. ग्राफिक्स त्याच रॅममधून जागा घेतं, आणि एका कांडीवर त्याचा वेग फार पडतो. डीडीआर५ रॅम आणि एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांचा विचार या बजेटला सोडून दे.

रॅमचा भाव मी लिहीत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही. चिप बनवणारे सगळे एआयच्या डेटा सेंटरांच्या मागे लागलेत, मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरात आपलं रॅम-एसएसडीचं क्रुशल हे नावच ग्राहकांच्या बाजारातून काढून घ्यायचं जाहीर केलं. उतरेल म्हणून थांबू नको.

चिपळूणवाल्यांच्या मशीन चांगल्याच असतात, मीही विकतो. फक्त त्यातल्या बऱ्याच जणांचा एसएमपीएस आणि बोर्डाचा प्लग त्यांच्या-त्यांच्या मापाचा असतो. गेला की रत्नागिरीत मिळत नाही, जुना शोधत बसायचं. वीज धड असलेल्या जागी खुशाल घ्या.

कुडाळचो_झील

काकानू, तुमी सांगतास ता सगळा खरा, पण ह्या सगळ्या करीपर्यंत पोरगी पास होऊन नोकरीक लागात. अर्थिंग, यूपीएस, पाल, खोडरबर! माका वाटता लॅपटॉपच बरो. बॅटरी हा तोच यूपीएस.

माझा लॅपटॉप गेली काही वर्षं कुडाळातच आहे, वीज गेली तरी मी काम करत राहतो. ४५ हजारांत चांगला येतो की. बाहेरून मॉनिटर जोडा, झालं.

सोल्डरकाका

हॉस्टेलला असती तर मीच लॅपटॉप सांगितला असता. भाड्याच्या खोलीत अर्थिंग कोण करून देणार.

पण घरी एका जागी ठेवायचा असेल तर हिशेब वेगळा. लॅपटॉपचा कीबोर्ड दमट हवेत कुरकुरायला लागतो, बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि बोर्ड गेला तर निम्म्या किमतीचं बिल येतं. या किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली, ८ जीबी म्हणजे ८ जीबी. डेस्कटॉपचा जो पार्ट जातो तेवढाच बदलायचा, आणि तो बदलणारा पावसपासून वीस किलोमीटरच्या आत मिळतो. तुझ्या वीज गेल्यावरच्या मुद्द्याला मात्र उत्तर नाही माझ्याकडे. तो खरा आहे.

ओळंबा_आणि_लेव्हल

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुलगी, रत्नागिरीतच. हार्डवेअर काका सांगतील, मी वापराचं सांगते.

दादा, ऑटोकॅडला पैसे घालवू नका आणि कोणाच्या पेनड्राइव्हमधलं क्रॅक केलेलंही टाकू नका. ऑटोडेस्कच्या साइटवर विद्यार्थी म्हणून नोंदणी केली की फुकट मिळतं, कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो मागतात. एक वर्षाचं असतं, शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवून घ्यायचं. रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, तेही त्यातच. बहिणीला सांगा ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न अक्षर एक ठेव, नाहीतर फेऱ्या मारायला लावतात.

ऑटोकॅड बहुतेक कामं एकाच कोरवर करतं, म्हणून जास्त कोर घेऊन ड्रॉइंग झपाट्याने होईल असं नाही. डिप्लोमाची ड्रॉइंगं म्हणजे दुमजली घराचा प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, त्याला आय३ हसत-हसत पुरतो. पण पुढे रेव्हिट लागलं तर ते १६ जीबीच्या खाली धड चालत नाही. प्रोजेक्टला स्केचअप करणार असेल तर तेही आहेच.

जुना १८.५ इंची मॉनिटर नको. ऑटोकॅडलाच कमीत कमी १९२० बाय १०८० लागतं. त्या जुन्या स्क्रीनवर टूलबार आणि कमांड लाइन बसली की ड्रॉइंगला पोस्टकार्डाएवढी जागा उरते. मी वर्षभर तसं केलंय, मान दुखते.

सेव्हटाइम ही कमांड देऊन ५ टाका. मुळात दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं, ते पाचवर येईल. वीज गेली तर ड्रॉइंगच्या शेजारी .बीएके नावाची फाइल असते, तिचं नाव बदलून .डीडब्ल्यूजी केलं की आधीचं सेव्ह केलेलं उघडतं. हे लॅबमध्ये कोणी शिकवत नाही, रडायची वेळ आल्यावर कळतं.

आणि माउसवर दोनशे रुपये जास्त घाला! ड्रॉइंग सरकवायला चाक दाबून धरायचं असतं, दिवसभर. कॉम्बोतल्या फुकट्या माउसचं चाक एका सेमिस्टरमध्ये जातं.

पावसचा_चाकरमानी

सगळ्यांचे आभार. दुकानदाराकडून नंबर लेखी मागितला. दोन दिवस उत्तर नाही, मग आलं: ३७७०. काकांना दंडवत. ते कोटेशन रद्द.

घरी फोन करून इन्व्हर्टरचं बटण बघायला सांगितलं, नॉर्मलवरच होतं. वायरमन शेजारच्या वाडीतला आहे, तो येऊन मोजून गेला. फेज ते न्यूट्रल २१८, फेज ते अर्थ ९० च्या आसपास काहीतरी, तेही हलतंय. म्हणजे अर्थ नावालाच. खड्डा कुठे आहे हे आईलाही माहीत नव्हतं, चुलत्यांनी दाखवला, वर तुळशीचा कट्टा झालाय. आता परसदारी नवा करायचा ठरलाय, साहित्यासकट तीन हजारांच्या आसपास जाईल म्हणतो.

त्यामुळे बजेटला थोडं ताणलं, ४८ पर्यंत जाईन. ठरवलं ते असं: ५६००जी, ए५२० बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ब्रॉन्झ एसएमपीएस, साधं पत्र्याचं कॅबिनेट, २२ इंची फुल एचडी मॉनिटर, यूपीएस, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे वेगळा माउस. लॅमिंग्टन रोडवर विचारून आलो, जमतंय. फक्त विंडोजचं लायसन यात नाही.

आता प्रश्न उरला, सगळं मुंबईतून न्यावं का? मित्र म्हणतो तिथेच जुळवून घे आणि कॅबिनेट तसंच गाडीत टाक.

सोल्डरकाका

तुळशीचा कट्टा! ठीक आहे, नवाच कर. पण नवा खड्डा विहिरीपासून आणि सेप्टिक टँकपासून लांब घे, आणि पाइपपासून मीटरच्या बोर्डापर्यंत तांब्याची जाड वायर मधे जोड न देता आणायला सांग. मधला जोड खाऱ्या हवेत हिरवा पडतो आणि सगळं केलेलं पाण्यात.

सामान दोन ठिकाणी वाट. वारंवार जाणाऱ्या वस्तू जवळच घ्यायच्या. एसएमपीएस, यूपीएस, मॉनिटर, कॅबिनेट रत्नागिरीत घे. शे-पाचशे जास्त जातील, पण बिघडलं तर यूपीएस काखेत मारून मुंबईला कोण येणार? आणि यूपीएसमध्ये शिशाची बॅटरी, ती गाडीतून वाहून आणण्यात शहाणपण नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी मुंबईत घे. चारही डबे एका सॅकमध्ये बसतात. भाव तिथे बरा मिळेल आणि बिघडायचं प्रमाण कमी.

शनिवारी जा, रविवारी तो बाजार बहुतेक बंद असतो. ग्रँट रोडला उतर. दुकानात टेबलावरच बोर्डावर प्रोसेसर-रॅम बसवून चालू करून दाखवायला सांग आणि बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, नवा करून घे. जुन्या स्टॉकचा ए५२० बोर्ड असेल तर ५६००जीला तो जुन्या बायोसवर ओळखत नाही, आणि मग घरी येऊन काळा स्क्रीन. बोर्डाच्या मागे व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल लागते ते पोर्ट, आहे का हेही बघ. जुना मॉनिटर लगेच टाकून देऊ नको, आईच्या हिशेबाला दुसरा स्क्रीन म्हणून लागेल.

चालू झालेलं बघितल्यावर कूलर काढायला लावून प्रोसेसर परत त्याच्या डबीत ठेव. ५६००जीसारख्या एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात, एक वाकली तर खेळ खलास. बोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीतच. जुळवलेलं कॅबिनेट गाडीत टाकायचं म्हणणाऱ्या मित्राला कोकणकन्येच्या जनरल डब्यातून एकदा आण. कूलर आणि प्रोसेसरच्या मधे लावायची नवी पेस्ट घेऊन ठेव, ट्यूब पन्नास-शंभरात येते.

बिलावर प्रत्येक पार्टाचा सिरीयल नंबर छापून घे. नुसतं "कॉम्प्युटर पार्ट्स, १ नग" असं लिहिलेलं बिल वॉरंटीला चालत नाही.

लायसनचं असं की दोन-चारशे रुपयांत विंडोजची 'की', म्हणजे लायसनचा नंबर, विकणारे भेटतील, त्यांना भुलू नको. पैसे साठले की नंतर रीतसर घे. ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे ती वाट बहिणीला नाही.

ओळंबा_आणि_लेव्हल

बहिणीला जुळवताना बघू द्या, किंवा तिलाच जुळवू द्या. ड्रॉइंग वाचता येणाऱ्या मुलीला मदरबोर्डचा नकाशा वाचता येतो. पॅनेलच्या बारीक वायरी, पॉवर बटणाच्या आणि लाइटच्या, त्याच तेवढ्या त्रास देतात. बोर्डाच्या पुस्तकात शेवटच्या पानांच्या आसपास चित्र असतं.

पावसचा_चाकरमानी

तिला हे वाचून दाखवलं, ती म्हणतेय मीच जुळवणार, तू फक्त पेस्ट आण. शनिवारी लॅमिंग्टनला जातोय. काका, एक शेवटचं, एसएमपीएस आणि यूपीएस तुमच्याच दुकानातून घेतला तर चालेल ना? की इथे दुकानाचा पत्ता विचारणं नियमात बसत नाही?

सोल्डरकाका

इथे पत्ता नको, लोक म्हणतील म्हाताऱ्याने एवढं लिहिलं ते गिऱ्हाईक ओढायला. रत्नागिरीत कुठूनही घे. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं तेवढं बघून घे. आणि अर्थिंग झाल्यावर मोजलेला आकडा इथे टाक.